आहेराच्या साडीपासून सुरुवात करा

सांगलीहून एका वाचक भगिनीचं सविस्तर पत्र आलं आहे. वय 38. नवरा आणि दीर मिळून घरचं साड्या आणि रेडीमेड कपड्यांचं दुकान चालवतात, दुकानात सहा मुली कामाला आहेत. दोन वर्षांपूर्वी या भगिनींनी चार मैत्रिणींसोबत एक गट सुरू केला. आपल्या अंगावरचा कपडा कुणी बनवला, त्याला मजुरी काय मिळाली, त्यात पाणी किती गेलं, टाकून दिल्यावर त्याचं काय होतं, हे लोकांना कळावं आणि लोकांनी विचार करून कपडे घ्यावेत, हा उद्देश. कॉलेजांमध्ये व्याख्यानं दिली, हातमाग दिनाला खादी आणि हातमागाच्या कपड्यांचं प्रदर्शन भरवलं. लोक आले, कौतुक करून गेले, विक्री जेमतेम झाली. मिरजेजवळच्या एका गावात बचत गटासमोर बोलताना एक बाई उठून म्हणाली, "ताई, तुमच्या अंगातला कुर्ता 1400 चा. मला दोन पोरींचे शाळेचे कपडेच जड जातायत. मी काय करू ते सांगा." त्यांना उत्तर सुचलं नाही. पुढे गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी लिहिलं, "आधी स्वतःच्या दुकानात काय विकता ते बघा." त्यात मार्गशीर्षात नणंदेचं लग्न आहे आणि सासूबाईंनी आहेरासाठी 100 साड्या सुरतेहून एकदम मागवायचं ठरवलं आहे. पत्रात शेवटी त्या विचारतात: घरात एक आणि बाहेर एक, हे दुटप्पी वागणं नाही का? गट बंद करू, की नवऱ्याला दुकानातला माल बदलायला लावू?

तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या बचत गटातल्या बाईकडे गेलं. तुम्ही तो प्रसंग मान खाली घालायला लावणारा म्हणून लिहिला आहे. मला तसं वाटत नाही. दोन वर्षं तुम्ही ज्या लोकांशी बोलताय, त्यांच्यातलं कुणीतरी पहिल्यांदाच उठलं आणि स्वतःच्या घरचा हिशोब तुमच्यासमोर मांडला. टाळ्या वाजवून, चहा घेऊन निघून जाणाऱ्यांपेक्षा तिने तुमचं बोलणं जास्त मनावर घेतलं. तिला उत्तर देता आलं पाहिजे, आणि ते उत्तर कुठल्याही प्रदर्शनात मिळणार नाही.

आधी एका समजुतीबद्दल बोलते. लोकांना माहीत नाही म्हणून लोक असे वागतात, आपण जाऊन सांगितलं की बदलतील, हे तुमच्या पत्रात जागोजागी गृहीत धरलेलं आहे. कपड्याच्या बाबतीत तरी आपल्या भागाला हे लागू पडत नाही. सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही घरात साठीच्या पुढच्या बाईला विचारा, सुती लुगडं जुनं झालं की त्याचं काय करायचात? त्यातला धड भाग बाळाच्या दुपट्याला आणि झबल्याला जायचा, काठ काढून पिशवीच्या बंदाला ठेवायचे, उरलेलं वाकळेत. वाकळही झिजली की तिचं पायपुसणं. जरीचं काही असेल तर बोहारणीला देऊन पातेलं घ्यायचं. शर्टाची कॉलर विरली तर ती उलटी करून पुन्हा बसवून देणारे शिंपी गल्लोगल्ली होते. हे कुणी व्याख्यान देऊन शिकवलेलं नव्हतं.

मग ते थांबलं कशाने? माणसं उधळी झाली म्हणून, असं आपण पटकन म्हणतो. माझ्या मते त्याआधी कपडाच बदलला. पॉलिस्टरची स्वस्त साडी लवकर विरत नाही, पण ती पाणी टिपत नाही, दुपट्याला चालत नाही. वाकळेत घातली तर थर एकमेकांवरून सरकतात, आणि उन्हाळ्यात ती वाकळ अंगाखाली घेववत नाही. फरशी पुसायला फडकं म्हणूनही ती कामाची नाही. म्हणजे नेसणं बंद झालं की पुढचा सगळा प्रवासच खुंटतो. उकिरड्यावर टाकली तर तशीच राहते, पेटवली तर वितळून काळा धूर होतो. धुताना तिच्यातून सुटणारे बारीक धागे सांडपाण्यातून नदीला मिळतात, आणि सांगलीत राहणाऱ्या माणसाला शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या शेरीनाल्याचं पाणी कुठे जातं हे मी सांगायला नको.

म्हणून पुढच्या वेळी बचत गटात जाताना शिकवायच्या तयारीने जाऊ नका, विचारायला जा. घरात न वापरलेल्या साड्या किती पडल्यात, त्यातल्या स्वतः घेतलेल्या किती, दुसऱ्याने दिलेल्या किती? पोरांचे कपडे लहान झाले की कुणाला देता? गावात रफू कोण करतं? तासाभरात त्या बायकाच तुम्हाला इतकं सांगतील की तुमच्या व्याख्यानाचे कागद बाजूला राहतील.

काही गोष्टी मात्र खरोखरच पोचलेल्या नसतात आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात, ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली आणि 1100 हून जास्त माणसं मेली, त्यात बहुतेक कपडे शिवणाऱ्या बायका आणि मुली होत्या. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, पण वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. ही हकीकत घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला सांगितली तर तिला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. तसंच पाण्याचं. एका सुती टी-शर्टामागे, कापूस पिकवण्यापासून धरून, साधारण 2700 लिटर पाणी लागतं असा अंदाज नेहमी दिला जातो. कॉलेजच्या सभागृहात हा आकडा पडद्यावर येतो आणि जातो. जत किंवा आटपाडीत, जिथे टेंभू आणि म्हैसाळ या सिंचन योजनांच्या पाण्याची वर्षानुवर्षं वाट बघितली गेली, तिथे हाच आकडा सांगून बघा.

पण ढाक्यावर थांबू नका. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला. आज इचलकरंजी, इकडे विटा, माधवनगर, या पट्ट्यात यंत्रमागावर घरं चालतात. बारा-बारा तासांची पाळी, 'पिका'वर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर मजुरी, शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागेल इतका आवाज, आणि हवेत कापसाची धूळ. हे सगळं तुमच्या दुकानापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर चालू आहे. तुमच्या प्रदर्शनात खादी आणि हातमाग होतं, यंत्रमागाचं कापड नव्हतं. त्यातून ऐकणाऱ्याला वाटतं की हाताने विणलेलं तेवढं चांगलं आणि बाकी सगळं पाप. मला हे पटत नाही. उद्या आपण सगळ्यांनी यंत्रमागाचं कापड घेणं सोडलं तर पहिली झळ विट्याच्या माग कामगाराला बसेल, ज्याच्यासाठी आपण हे बोलतोय त्यालाच. त्याची मजुरी वाढली का, पाळी आठ तासांची झाली का, रंगाचं पाणी प्रक्रिया करून सोडलं जातं का, हे प्रश्न लावून धरायला हवेत. इचलकरंजीतल्या प्रोसेसिंगच्या सांडपाण्याने पंचगंगेचं काय केलं हे उभ्या पट्ट्याला माहीत आहे, आणि ती नदी नरसोबाच्या वाडीला कृष्णेलाच येऊन मिळते. दुसरीकडे, बहुतेक घरांना परवडेल असं चांगल्या विणीचं, धुऊन टिकणारं सुती कापड याच मागांवर निघतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही तुमच्या बोलण्यात आल्या पाहिजेत.

खादी-हातमाग ठेवूच नका असं मी म्हणत नाही, जरूर ठेवा. पण ठेवताना खात्री करून ठेवा. हाताने कातलेल्या सुताचं आणि हाताने विणलेलं, ती खादी, आणि तिच्यासाठी 2013 पासून खादी मार्क आहे. हातमागाच्या कापडासाठी 2006 पासून हँडलूम मार्क आहे. बाजारात 'खादी टाइप', 'हँडलूम लुक' अशा नावांनी काय काय खपवलं जातं, ते तुम्ही दुकानदाराच्या घरात राहून जवळून बघत असाल. आणि एक सुचवू का? येत्या 7 ऑगस्टला, हातमाग दिनाला, बाहेरून कुर्ते मागवण्याऐवजी घोंगडी ठेवा. दख्खनी मेंढीची लोकर, सणगर समाजातल्या विणकरांनी खड्डामागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. माण, आटपाडी, जत या भागांचं हे स्वतःचं वस्त्र आहे. आज या लोकरीला इतका कमी भाव आहे की कातरलेली लोकर टाकून द्यायची वेळ मेंढपाळांवर येते. घोंगडं विणणाऱ्या माणसाला व्यासपीठावर बसवा आणि त्यालाच बोलू द्या.

आता त्या बाईचं उत्तर. दोन मुलींच्या शाळेचे कपडे जड जातायत, म्हणजे तिला गणवेश हवेत. तुमच्या पाच जणींच्या गटाला हे नक्की जमण्यासारखं आहे. एक शाळा धरा, एकच. निकालाच्या दिवशी पालक झाडून शाळेत येतात, त्या दिवशी एका वर्गात टेबल मांडा. लहान झालेला गणवेश धुऊन आणा, पुढच्या मापाचा घेऊन जा. कुणी कुणाला उपकार म्हणून द्यायचं नाही, आणणारा आणि नेणारा एकाच रांगेत. हे फार जपा. आपल्याकडे दुसऱ्याचा उतरलेला कपडा घेणं कमीपणाचं मानतात, आणि तसं वाटणारी माणसं चूक नाहीत, कारण तो कपडा वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जात बघून, पायरी बघून, मागच्या दाराने आलेला आहे. सुरुवात तुमच्या मैत्रिणींच्या मुलांपासून करा. डॉक्टरीणबाईंचा मुलगा अदलाबदलीतला गणवेश घालून शाळेत आला की बाकीच्यांचा संकोच आपोआप कमी होतो. मुख्याध्यापकांशी त्याआधी एक गोष्ट बोलून घ्या: दरवर्षी रंग, पट्टे किंवा बिल्ला बदलू नका. तो बदलला की घरातल्या धाकट्या बहिणीलाही थोरलीचा गणवेश चालत नाही.

नवे घ्यावेच लागले तर कपडा बघायचा कसा, हे तिला शिकवा, आणि हे तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवणार? पिनाफोर उलटा करायचा आणि आतल्या बाजूने बघायचं. बाजूच्या शिलाईत माया किती सोडली आहे, खालची दुमड दोन-तीन इंचांची आहे की नुसती कड मारली आहे, ओव्हरलॉक सगळीकडे आहे का, काज धड आहे का. खाली तीन इंच दुमड असली तर वाढत्या मुलीला तो निदान दोन वर्षं पुरतो. कापड दोन्ही हातांनी धरून उजेडासमोर न्यायचं, विणीत विरळ जागा दिसतात का बघायचं. 50 रुपये जास्त देऊन असा गणवेश घेणं गरीब घराला परवडतं, आणि स्वस्तातला घेऊन दिवाळीत दुसरा घेणं परवडत नाही. हा हिशोब त्या बाईला समजतो. तिच्या हातात जूनमध्ये एकदम पैसे नसतात, अडतं ते तिथे. त्यावर आपल्याकडची जुनी तोड आहे, भिशी. साडीच्या भिशा बायका लावतातच. बचत गटात वर्षभर महिन्याला थोडेथोडे पैसे जमवून मे-जूनमध्ये उचलायची कपड्याची भिशी लावा. पुढे त्याच भिशीतून एखादीला चांगली हातमागाची साडीही घेता येईल. एकरकमी 2000 रुपये काढणं तिला कधी जमलं नसतं.

जुने कपडे 'दान' करण्याच्या मोहिमा तुम्हालाही सुचवल्या जात असतील, त्याबद्दल सावध राहा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीने बघितलं आहे, मदत म्हणून बाहेरून वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे आले, आणि जुने कपडे नकोत असं पूरग्रस्तांना सांगावं लागलं. घर चिखलाने भरलेलं असताना कुणाचे तरी तुटक्या चेनच्या पँटी निवडत बसणं काय असतं, ते त्यांनाच माहीत. देऊन टाकलं की आपलं कपाट मोकळं होतं, कपडा मात्र कुणाच्या तरी दारात पडून राहतो.

दुकानाकडे येते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो टोमणा तुम्हाला लागला, आणि तेव्हापासून तुम्हाला वाटतं की दुकान घरचं असल्यामुळे आपल्याला बोलायचा अधिकार नाही. मी उलट म्हणेन. ज्यांच्या घरात कपड्याचा धंदा नाही त्यांना घाऊक व्यापाऱ्याची उधारी, परत न जाणारा माल, सेल का लावावा लागतो, यातलं काही ठाऊक नसतं. तुम्हाला ते आतून ठाऊक आहे. फक्त गटाच्या कार्यक्रमात ते झाकून ठेवू नका. आमचं दुकान आहे, तिथे पॉलिस्टरही विकलं जातं, मला हळूहळू काय काय बदलता येतं ते बघतेय, असं स्वतःहून सांगा. मग टोमणा मारायला कुणाला काही उरत नाही.

नवऱ्याला माल बदलायला लावू का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. दुकान दोघा भावांचं आहे, भांडवल अडकलेलं आहे, आणि गिऱ्हाईक ज्या भावात घेतं त्याच भावातला माल ठेवावा लागतो. तुमच्या आग्रहाखातर महागडे कुर्ते आणले आणि ते मांडणीवर पडून राहिले, तर कपात कुठे होईल? सहा मुलींपैकी दोघी कमी होतील. गट बंद करणं हा मार्ग मला पटत नाही, कारण तुमचं म्हणणं खरं आहे आणि सांगलीत ते बोलणारं कुणीतरी हवं आहे. आणि आत्तासारखं दुकान वेगळं, गट वेगळा असं चालू ठेवणंही तुम्हाला सोसत नाहीये, नाहीतर हे पत्र आलं नसतं.

तेव्हा दुकानात अशा जागी हात घाला जिथे फार पैसे लागत नाहीत. सुरुवात त्या सहा मुलींपासून. त्यांना दिवसात बसायला मिळतं का? गिऱ्हाईक नसतानाही उभंच राहायचं, ही पद्धत कितीतरी दुकानांत आहे. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभं राहून पायाच्या शिरा फुगतात, पाळीच्या दिवसांत तर हाल विचारू नका. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यावीच लागेल असा कायदा केला. तुमच्या दुकानात सहा स्टुलं यायला कायद्याची वाट कशाला बघायची? आठवड्याची सुट्टी भरपगारी मिळते का, दिवाळीच्या गर्दीत जास्त वेळ थांबल्याचे वेगळे पैसे मिळतात का, स्वच्छतागृह आहे का, हेही बघा. कपड्यामागच्या माणसाचा विचार करा असं तुम्ही जगाला सांगताय. तो कपडा घडी मोडून दाखवणारी माणसं तुमच्या घरच्या पगारावर आहेत. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

दुसरं, दुकानात एक कोपरा आणि एक मशीन. फॉल-पिको करणाऱ्या, ब्लाउज उसवून देणाऱ्या बायका गल्लीत आहेतच, त्यांच्यापैकी एकीला दुपारच्या वेळात बसवा. चेन बदलणं, उंची कमी-जास्त करणं, रफू. आमच्याकडून घेतलेला कपडा वर्षभरात उसवला तर फुकट शिवून देऊ, अशी पाटी लावा. ही गोष्ट नवऱ्याला पटेल, कारण ऑनलाइन विकणारा कुणी हे देऊ शकत नाही, आणि दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने परत जात नाही. शिवाय वर्षभर काय उसवून परत येतं त्याची वही ठेवली, तर कुठल्या कंपनीचा माल पुन्हा मागवायचा नाही ते त्यांना आपोआप कळेल. हे बोलणं आषाढात करा. तेव्हा बाजार थंड असतो आणि दिवाळीचा माल भरायचा असतो. लग्नसराईत किंवा रात्री गल्ला मोजताना हा विषय काढला तर भांडणच होईल.

आणि आता ज्याच्यावर तुमच्या गटाने सगळी ताकद लावावी असं मला मनापासून वाटतं, तो विषय: आहेर. तुम्ही तो पत्राच्या शेवटी घरगुती अडचण म्हणून लिहिलात. मला तो या सगळ्याचा गाभा वाटतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त कपडा कुणालाही न लागता विकत घेतला जातो तो मानपानात. घेणारी नेसणार नाही, हे देणारीला माहीत असतं. घेणारीही घडी न मोडता पिशवी तशीच कपाटात ठेवते, कुणी दिली ते चिठ्ठीवर लिहून, म्हणजे पुढच्या लग्नात तिच्याचकडे परत जायला नको. ओटीचा ब्लाउजपीस तर बघायलाच नको. इतका पातळ आणि इतका तोकडा की त्याचा ब्लाउज होतच नाही, तो फक्त एका ओटीतून दुसऱ्या ओटीत जातो. टॉवेल-टोपीचं तेच. यासाठी कापड विणलं जातं, रंगवलं जातं, ट्रकने येतं, आणि मुलीचा बाप त्यासाठी कर्ज काढतो. इथे गरीब-श्रीमंत हा प्रश्नच येत नाही, कारण हे बंद करायला एक रुपया लागत नाही, उलट वाचतो. चौदाशेच्या कुर्त्याला विरोध करणारी बाई या विषयात तुमच्या पुढे चालेल.

मग बंद का होत नाही? एकट्या घराला ते झेपत नाही म्हणून. "पोरीच्या लग्नात साधी साडी नाही नेसवली," हे भावकीतलं वाक्य वर्षानुवर्षं पुरतं, आणि ते बाईलाच ऐकावं लागतं. म्हणून ही गोष्ट चार-पाच घरांनी, एका आळीने, एका बचत गटाने मिळून ठरवायची असते. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो ग्रामपंचायतीत केला, म्हणून त्याला वजन आलं आणि पुढे राज्य सरकारनेही इतर गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. त्याहून मागे जा. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने 1940 च्या दशकात याच मुलखात, तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात, कमी खर्चाचे 'गांधी विवाह' लावले. इंग्रजांशी लढणाऱ्या माणसांना लग्नाचा खर्च हा लढ्याचाच विषय वाटला होता. तुमचं म्हणणं बाहेरून आलेलं नाही, हे लोकांना पटवायला याहून चांगला दाखला मला सापडणार नाही. पुढच्या वर्षी 24 एप्रिलला राणा प्लाझावर बोलाल, तेव्हा त्याच बैठकीत एक कागद फिरवा: आमच्या घरच्या पुढच्या कार्यात साडी-आहेर देणार नाही आणि घेणार नाही. दहा सह्या आल्या तरी पुष्कळ. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या वाण म्हणून द्या, पण त्या गावातल्याच बाईकडून पैसे देऊन शिवून घ्या, आणि बोलावताना विधवा बायकांना वगळू नका.

नणंदेच्या लग्नाचं तुमच्या एकटीच्या हातात नाही, हे मला कळतं. सून म्हणून तुम्ही सरळ नाही म्हणालात तर विषय साडीचा राहणार नाही, तुमच्या स्वभावाचा होईल. म्हणून याद्या व्हायच्या आधी पहिल्यांदा नणंदेशी बोला. लग्न तिचं आहे, आणि आजकालच्या मुलींना या साड्यांचं काय होतं ते चांगलं ठाऊक असतं. ती आणि तिचा होणारा नवरा मिळून व्याह्यांकडे बोलले तर दोन्ही बाजूंनी एकदम देणं-घेणं थांबवता येईल आणि कुणाचाच मान खाली जाणार नाही. पत्रिकेत तशी ओळ छापता येईल.

सासूबाईंकडे त्यानंतर जा, आणि मोकळ्या हाताने जाऊ नका. त्यांच्या मनात कोण कोण आहे ते विचारा. 100 नावांमध्ये अशा दहा-पंधरा बायका निघतीलच ज्यांना खरंच काहीतरी द्यावं असं त्यांना वाटतं: त्यांची थोरली बहीण, आजारपणात धावून आलेली शेजारीण, घरात वर्षानुवर्षं काम करणारी बाई. त्यांच्यासाठी सुरतेच्या भावात न बसणारी, अंगाला लागेल अशी सुती साडी घ्या, आवडीचा रंग विचारून घ्या आणि फॉल-पिको करूनच द्या. उरलेल्या नावांना जेवणाचा आग्रह पुरे. एवढं करूनही त्या म्हणाल्या की नाही, साड्या द्यायच्याच, तर 100 च्या 60 करून घ्या आणि या लग्नापुरतं तिथे थांबा. पुढच्या पिढीत तुमच्या घरी लग्न निघेल तेव्हा याद्या तुम्हीच करणार आहात.